पोत्यांमागचा चोर

रविवारी दुपारी भंडाऱ्यात आमची टोळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत पात्रं वठवायचा खेळ खेळायला बसली, की शेजारच्या काकूंना वाटतं इथे कुणाच्या वाटणीचा वाद चाललाय. तसं फार चुकीचं नाही. टोळीत एक वकील आहे.

परवा वाद पेटला तो चोरावरून. चोर म्हणजे पवनीकडचा आमचा दोस्त. एरवी उमरेड-करांडल्यात पर्यटकांना जिप्सीतून फिरवतो, खेळात खिसे कापतो. किल्ल्याच्या तळघरात तो धानाच्या पोत्यांमागे लपला. (नकाशा मी काढला होता, आमच्याकडच्या तळघरात दुसरं काय असणार?) वीस बाजूंचा फासा टाकला, भक्कम आकडा आला. २०२४ च्या नियमपुस्तकात आडोशाला लपताना बेरीज १५ किंवा जास्त झाली, की लपणारा 'अदृश्य' ठरतो. चोर खूश. तिथला जादूगार पाठमोरा उभा आहे असं पाहून तो दबकत दाराकडे निघाला.

पण जादूगाराने अदृश्य ते दिसण्याचा मंत्र आधीच मारून ठेवलेला. वकीलसाहेब उठलेच. चोर अदृश्य आहे, जादूगाराला अदृश्य ते दिसतं, सबब चोर दिसतो.

"अबे, मी कायचा मंत्र मारला? मी पोत्यामागं बसलो होतो!" चोर भडकला. "अन् त्याच्या पाठीले डोये फुटले का?"

मला स्वतःला २०१४ चं जुनं पुस्तक बरं वाटतं. त्यात मंत्राने गायब झालात तरी लपलात असं होत नाही. पाय वाजले, धुळीत ठसे उमटले, की शत्रूला जागा कळते. मेघनाद दिसत नव्हता, पण बाण तर येत होते ना! नव्या पुस्तकाने दोन्ही प्रकार एकाच पोत्यात भरले आणि आमचा रविवार खाल्ला.

मग चोराने जयला साक्षीला काढलं. नागझिऱ्यातून करांडल्यात आलेला, 'शोले'तल्या जयचं नाव मिळालेला तो धिप्पाड वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. वनखात्याने जंगल पालथं घातलं.

"त्याच्यावर तर कॉलरचा मोठ्ठा मंत्र होता. मंग सांगा वकीलसाहेब, तो लपला का अदृश्य झाला?"

"मंत्राची मुदत संपली," वकील म्हणाले. "पुस्तकात एक तास दिला आहे."

"अन् वाघाले कोणतं पुस्तक लागू होते?"

यावर वकिलांनी दोन्ही पुस्तकं मांडीवर घेतली आणि परिशिष्टापासून वाचायला सुरुवात केली. खेळ चालवणारा म्हणून मी निकाल दिला: जादूगाराची पाठ आहे, मंत्र डोळ्यांवर आहे, चोर दिसत नाही. वकिलांनी अपिलाची तयारी सुरू केली. तेवढ्यात चोराने फासा टाकला आणि जादूगाराच्या कमरेचा बटवा मारला.




आता अपील बटव्यासकट चालू आहे.