आमचा नाही जी

गोंदियातल्या कुठल्याही जुन्या मोहल्ल्यात शिरा. एखाद्या घराच्या ओट्यावर कुत्रा आडवा पसरलेला असतो, खिडकीत मांजर बसलेली असते, कवेलूंवर एक कोंबडी चढलेली असते आणि या सगळ्यांच्या मधोमध बनियन-लुंगीतले एक गृहस्थ पेपर वाचत असतात. त्यांना विचारा, "कुत्रा तुमचा का, काका?" पेपर खाली न घेता उत्तर येतं, "आमचा नाही जी. तो येते."

हा पंथ जिल्हाभर पसरलेला आहे. कुणी आमगावात मास्तर आहे, कुणी तिरोड्यात किराणा विकतो, कुणी रेल्वेतून निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत सोडतो. धंदा कोणताही असो, घरी चार-पाच जीव नांदत असतात आणि त्यातला एकही यांचा नसतो.

आमच्या गल्लीत या पंथाचे मठाधिपती म्हणजे मुनीमजी. त्यांचं नाव रेशनकार्डावर असेल, गल्लीत कुणाला ठाऊक नाही. उभी हयात त्यांनी राईस मिलच्या हिशेबात घालवली. गोंदिया हे धानाचं गाव, आणि मुनीमजी त्या गावाचं गणित. दाणा दाताखाली फोडून ते ओलावा सांगतात. सरकारी खरेदीत 17 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, मुनीमजींच्या दाताला साडेसतरासुद्धा कळतात. सरकारी धानाची भरडाई केली की क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत द्यायचा असतो. हा आकडा त्यांच्या अंगात इतका भिनलेला आहे की मुलाला दहावीत 67 टक्के पडले तेव्हा "उतारा बरोबर आला" म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

मिलमध्ये किती कट्टे आले, किती गेले, कोंडा किती, कनकी किती, हे ते झोपेतही सांगतील. मात्र "घरात मांजरी किती?" असं विचारलं की त्यांचा चेहरा कोरा होतो. "कोनाच्या?" ते विचारतात.

घरचा खरा हिशेब काकूंकडे असतो. दूधवाल्याशी त्यांचं बोलणं अख्ख्या गल्लीला पाठ आहे. "दीड लिटर दे. अर्धा चायले, अर्धा दह्याले, आन् अर्धा जे आमचे नाहीत त्याइले."

मुनीमजी जनावरांना नाव ठेवत नाहीत. नाव दिलं की नातं लागतं, नातं लागलं की जबाबदारी आली. म्हणून कुत्र्याला ते नुसतं "काहो" म्हणतात आणि मांजरीला "बाई". संध्याकाळी ओट्यावरून आवाज येतो, "बाई, जेवन झालं का?" नवीन भाडेकरणीला वाटतं आपल्यालाच विचारलं. एका बिचारीनं तर आतून "हो, झालं" असं उत्तरही दिलं होतं. तेव्हापासून त्या दोन घरांचं चांगलं जमतं.

प्रत्येक जनावर घरात का आहे, याचं कारण मात्र त्यांच्याजवळ तयार असतं. मांजर उंदरांसाठी. कुत्रा चोरांसाठी. कोंबडी अंड्यांसाठी. बकरी काकूंच्या सांध्यांसाठी, कारण कोणत्या तरी वैद्यानं कधी तरी बकरीचं दूध सांगितलं होतं. सगळा कारभार कामावर चालतो, कुणी फुकट बसून खात नाही, असा मुनीमजींचा दावा. आता या कर्मचाऱ्यांची कामगिरी पाहा.

कुत्र्याच्या डोळ्यांदेखत अंगणातली सायकल चोरीला गेली. तो भुंकला नाही, उलट चोराला रेल्वे फाटकापर्यंत पोचवून आला. त्याला वाटलं पाहुणे निघाले. दुसऱ्या दिवशी गल्ली संतापली, पण मुनीमजी म्हणाले, "आमचा असता तर बोललो असतो जी. दुसऱ्याच्या कुत्र्याले कसं बोलावं?" हाच कुत्रा रोज संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की त्याच फाटकावर जाऊन उभा राहतो. मुनीमजी येतात, तो मागे चालू लागतो. दोघं एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत. योगायोगानं एकाच रस्त्यानं चाललेली दोन प्रतिष्ठित माणसंच जणू.

कोंबडीची गोष्ट याहून लांब आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या करीसाठी ती गावाहून आली. मसाला वाटून झाला होता. नेमकी त्याच दिवशी ती मुनीमजींच्या जुन्या टोपलीत खुडुक बसली. खुडुक कोंबडी कापायची नसते, असं मुनीमजींनी जाहीर केलं आणि त्या दिवशी घरात वांग्याची भाजी झाली. नंतर दिवाळीतली मंडई आली. गावोगाव दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, घरी पाहुण्यांची रीघ. पुन्हा कोंबडीचा विषय निघाला. "तिची तब्येत बरी नाही," मुनीमजी म्हणाले. पाहुण्यांनी पाहिलं तर ती भिंतीवरून उडी मारून शेजारच्या अंगणात चालली होती. पुढच्या करीपर्यंत ती इतकी म्हातारी झाली की शिजायला सिलिंडर पुरणार नाही, असा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. आता ती अंडीही देत नाही. तरी रोज मिलमधून येताना मुनीमजींच्या खिशात मूठभर कनकी "सांडलेली" असते. कट्ट्याला भोक पडून पसाभर तांदूळ गळाला तर हमालावर डाफरणारा हा माणूस स्वतःच्या खिशाला मात्र कधी टाका घालत नाही.

आणि मांजर? तिनं तर थेट मिलमध्येच पराक्रम केला. भरडाईच्या हंगामात एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी मागच्या वर्षाचं रजिस्टर मागितलं. कपाट उघडलं तर त्या रजिस्टरावर बाई बाळंत होऊन निजल्या होत्या. मुनीमजी शांतपणे म्हणाले, "साहेब, हे रजिस्टर सध्या चालू आहे." साहेबांनी चष्मा काढला आणि वाकून विचारलं, "किती आहेत?" मुनीमजींनी नजर टाकून सांगितलं, "तीन." तेवढ्यात आईच्या पोटाखालून चौथं पिल्लू बाहेर आलं.

मिलवाल्यांना माहीत असतं की माल कमी भरला तर भानगड, पण जास्त भरला तर महाभानगड. नोंद तीनची, प्रत्यक्षात चार. म्हणे मुनीमजींच्या कपाळाला घाम आला. पण साहेब हसले, चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "नोंद दुरुस्त करून ठेवा." मुनीमजींनी खरंच पेन्सिलीनं रजिस्टरच्या कोपऱ्यात तीनवर काट मारून चार लिहिलं. या घरातल्या जीवांची कागदावर झालेली ती एकमेव नोंद.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. एका दिवाळीला तो, सून आणि ऑस्कर नावाचा लॅब्रेडोर असे तिघं आले. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून जाते, पण गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत ऑस्करला बसवायला सून तयार नव्हती. म्हणून मोटारीनं आले. सून म्हणाली, "बाबा, हा तुमचा नातू." मुनीमजींनी नातवाला वरून खाली न्याहाळलं.

"हा काय काम करते?"

"काही नाही बाबा, तो फॅमिली मेंबर आहे."

"मंग ठीक," मुनीमजी मुलाकडे पाहत म्हणाले.

ऑस्करची लसीकरणाची वही होती, वेगळा टॉवेल होता, खाण्याचं पाकीट होतं. पाकिटावरची किंमत वाचून मुनीमजींनी मनात भागाकार केला आणि काकूंना हळूच सांगितलं, "एवढ्यात एचएमटीचा कट्टा येते." पहिल्या दिवशी ऑस्कर सोफ्यावर बसला. दुसऱ्या दिवशी अंगणात उतरला. तिसऱ्या दिवशी तो आणि 'आमचा नाही' असलेला कुत्रा एकाच परातीत कनकीची पेज ओरपत होते आणि कोंबडी दोघांच्या मधोमध उभी राहून देखरेख करत होती. रात्री ऑस्कर टॉवेल सोडून मुनीमजींच्या खाटेखाली निजला. परत जायच्या दिवशी तो मोटारीत चढेना. मुनीमजी सुनेला म्हणाले, "राहते तर राहू द्या त्याले. आमचा नाही, पन राहू द्या." शेवटी तो गेला. आता पुण्याचा व्हिडिओ कॉल आला की मुलाचा चेहरा दिसल्याबरोबर मुनीमजी विचारतात, "ते कुठं आहेत?" मुलाला आधी वाटायचं, बायकोबद्दल विचारतात.

यापुढची गोष्ट घराबाहेरची आहे, पण तिच्याशिवाय मुनीमजी पुरे होत नाहीत. परसवाड्याच्या बाजूला त्यांच्या वडिलोपार्जित चार बांध्या आहेत. शेती बटईनं दिलेली. एका पावसाळ्यात रोवणी झाल्यावर बटईदाराचा फोन आला, "मुनीमजी, बांधीत सारसाचं जोडपं बसलं. धान उपटून खोपा करून राहिले."

सारस म्हणजे सहा फुटांच्या घरात जाणारा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. महाराष्ट्रात आता तो दिसतो तो मुख्यतः याच जिल्ह्यात. 1 मे 1999 ला गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हा माणसांनी कचेऱ्या वाटून घेतल्या आणि सारसांनी मुक्काम गोंदियाकडे ठेवला. वैनगंगेपलीकडच्या बालाघाटात ते मनात येईल तेव्हा जाऊन येतात, चालान-पावतीशिवाय. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तळ्याच्या कडेला मोठं घरटं रचतात, त्यात बहुधा दोन अंडी घालतात आणि नर-मादी पाळीपाळीनं महिनाभर उबवतात. घरट्यासाठी आजूबाजूचं गवत लागतं, आणि बांधीत गवत म्हणजे धानच.

मुनीमजींनी पेन काढलं. किती चूड उपटले, त्याचे किती किलो धान, त्याचा किती तांदूळ, सगळा तोटा कागदावर उतरला. कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग बटईदाराला म्हणाले, "त्या बांधीत निंदाले जाऊ नोको कोनी. बायाइले सांगून ठेव." मिल सुटल्यावर ते रोज सायकलनं... नाही, सायकल चोरीला गेली होती. ते रोज बसनं तिकडे जायला लागले. बांधावर छत्री धरून उभे राहायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. पक्षी मोजणारी तरुण पोरं एकदा तिथं आली. त्यांनी विचारलं, "काका, शेत कुणाचं?"

"आमचं."

"आणि हे सारस?"

"आमचे नाही जी. ते येतात."

दोन अंड्यांतून पिल्लू एकच जगलं. आईबापांच्या मागून ते धानातून चालताना मुनीमजींनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. उतारा अवघा पन्नास टक्के. त्या आकड्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

मला वाटतं, या नाकारण्यामागे या भागाचा जुना संस्कार आहे. शेतकऱ्याच्या घरी प्रत्येक जनावराला काम होतं. बैल नांगराला, कुत्रा खळ्याला, मांजर कोठीला. काम संपलं तरी जीव लागलेलाच असायचा, फक्त तो लिहायला वहीत खातं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपानं चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देणारा माणूस "माझं याच्यावर प्रेम आहे" असं कधी म्हणाला नाही. म्हणायची गरजच पडली नाही. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांनी वनाधिकारी म्हणून आलेल्या मारुती चितमपल्लींना तिथलं रान आणि पाखरं दाखवली. त्यांनीही ती पाखरं आपली आहेत असा दावा केल्याचं ऐकिवात नाही. इथं मालकी सांगायची पद्धत नाही, जेवण झालं का एवढं विचारायची आहे.

शहरात आता माणसं कुत्र्याचे आईबाप होतात, त्याचा वाढदिवस करतात, केक कापतात. करोत बापडी. मुनीमजींचा पंथ तसा होणार नाही आणि त्यांच्याकडून कबुली घेण्याचा प्रयत्नही कुणी करू नये. ती मिळणार नाही, आणि संध्याकाळी सातला परातीत काय पडतं हे पाहिल्यावर तिची गरजही नाही.

तेव्हा बदली होऊन तुम्ही गोंदियाला आलात आणि घर दाखवताना मालक म्हणाला, "जनावरं पाळायची नाहीत," तर बेधडक कबूल करा आणि भाडं ठरवून टाका. इथं कुणी काही पाळत नाही. दूध तेवढं अर्धा लिटर जास्त सांगा.