गोट्याची सहल, आमची हमाली

अहो वहिनी, जरा कुंपणाजवळ या. हे ओरडून सांगण्यासारखं नाही. पलीकडच्या आजोबांना मराठीतलं अक्षर कळत नसलं तरी ‘कॅराव्हॅन’ कळतं, आणि आमच्या दारात ती पांढरी पेटी उभी राहिल्यापासून त्यांच्या कपाळावरची आठी काही मोडलेली नाही. म्हणे त्यांच्या खिडकीतून चेरीचं झाड दिसायचं, ते आता दिसत नाही. दिसेल हो. पुढच्या आठवड्यात ती जाणार शेतकऱ्याच्या आवारात, भाड्याच्या जागेत. असल्या नव्या वसाहतींत घराच्या कागदांतच बऱ्याचदा कलम असतं की कॅराव्हॅन दारात ठेवायची नाही. आजोबांनी अजून ते शोधलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

हॉटेलात उतरला असतात तर काय बिघडलं असतं, असं भाऊजी परवा ह्यांना म्हणाले म्हणे. हॉटेलाचं काही बिघडत नाही, गोट्याचं बिघडतं. कुत्रा चालेल असं लिहिणारी हॉटेलं पुष्कळ आहेत. पण त्याचे रात्रीचे पैसे वेगळे, न्याहारीच्या खोलीत त्याला बंदी, आणि वरच्या खोलीत एकटा ठेवायचा नाही. मग आम्ही काय पाळीपाळीने जेवायचं? कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवला तर हा अन्न सोडतो. आमच्या सासूबाई रुसल्या की असंच करायच्या, पण त्या निदान चहा तरी घ्यायच्या.

आणि भाऊजींना म्हणावं, लायसन्सचं निमित्त पुढे करू नका. १९९७ नंतर परीक्षा पास झालेल्यांना पूर्वी मोठी कॅराव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. डिसेंबर २०२१ पासून ती भानगड गेली. आता गाडीच्या साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचं ओझं मागे जोडता येतं. गाडीत तेवढा दम हवा, हे वेगळं. नवशिक्यांना तर सांगतात की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०, आणि तीन लेन असतील तर अगदी उजवीकडच्या लेनमध्ये पाऊल टाकायचं नाही. आमच्या ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ट्रकच्या मागे निमूट चाललेला हा माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

महाभारत झालं ते सामानावरून. जड वस्तू चाकांच्या वर, खाली जमिनीलगत ठेवायच्या. मागच्या टोकाला वजन झालं की वेगात शेपूट डोलायला लागतं आणि मग ते आवरता आवरत नाही. माझा कुकर, पोळपाट आणि भाजणीचा डबा मी मागच्या कपाटात लावला होता. ह्यांनी एक चकार शब्द न बोलता सगळा संसार उचलून मधल्या बाकाखाली नेला आणि त्याच्यावर गोट्याचं अंथरूण घातलं. म्हणजे थालीपीठ करायचं तर आधी कुत्रा उठवायचा!

बरं, ही हौस काढली कुणी, माहीत आहे? आपल्याच शेजारच्या माणसाने. एलिझाबेथ लाइनने रेडिंगहून निघालं की पहिलंच स्टेशन ट्वायफर्ड ना, तिथे डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स राहायचे. आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर, पोरांसाठी साहसकथा लिहायचे. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि इथून थेट वर स्कॉटलंडात इनव्हर्नेसपर्यंत गेले. पोटासाठी गाडीत राहणारे जिप्सी होतेच, पण निव्वळ हौसेखातर असली गाडी बांधून घेणारे पहिले हेच असं मानतात. बरोबर कोण? कोचमन, एक नोकर, एक पोपट आणि हरिकेन बॉब नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा धिप्पाड कुत्रा. कुत्रा पहिल्या दिवसापासून आहे बघा यात. तो नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा, समोरून येणाऱ्यांना सांगायला की बाबांनो, मागून घर येतंय. आमच्या सहलीत डॉर्सेटच्या अरुंद रस्त्यांवर, दोन्हीकडे पुरुषभर उंच झुडपं आणि समोरून ट्रॅक्टर, अशा वेळी मला त्या नोकराची फार आठवण झाली.

उतरायचं मात्र शेतावर, मोठ्या साइटवर नाही. कॅराव्हॅनवाल्यांच्या क्लबचे सभासद झालात की शेतकऱ्यांच्या रानात छोट्या जागा मिळतात. पाच गाड्या, सहावी नाही. एक नळ, संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, रिकामी करायची जागा, आणि नशीब असेल तर विजेचा खांब. वीजही दहा अँपिअरची असली तर २३०० वॉटच्या वर काही चालत नाही. किटली आणि हीटर एकदम लावला की अंधार. आणि एप्रिलच्या रात्री म्हणजे काय गारठा, विचारू नका. गॅस घ्याल तो लाल टाकीतला प्रोपेनच घ्या. निळ्या टाकीतला ब्यूटेन थंडी शून्याला टेकली की टाकीतच बसून राहतो.

आता खरी गंमत ऐका. नवीन कॅराव्हॅन शेतात शिरली की बाकीचे चार जण चहाचे मग घेऊन बाहेर येतात. मदतीला नाही, बघायला! मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की पेटी उजवीकडे जाते. बायको मागे उभी राहून हात हलवते, नवऱ्याला ती आरशात दिसत नाही, आणि मग जे संवाद होतात ते ऐकून आमच्या गोट्याने कान पाडले. दोन गाड्यांत सहा मीटर अंतर ठेवतात, आगीच्या भीतीने. आगीसाठी सहा मीटर पुरतात, कानांसाठी नाही. शेजारच्या जोडप्याचं कॅराव्हॅनला जोडायच्या तंबूच्या खांबांवरून सुरू झालेलं भांडण तिच्या बहिणीच्या लग्नापर्यंत मागे गेलं, सगळं ऐकलं मी. त्यांची कॅराव्हॅन कशी? आरशासारखी. तो गृहस्थ रोज कापडाने पुसायचा. निघायच्या दिवशी पाऊस पडून गेलेला, गवत भिजलेलं, आणि चाकं रुतली की हो चिखलात! शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, जराही हसला नाही, पण त्याचा कुत्रा हसत होता असं ह्यांचं म्हणणं.

आणि सकाळी आठची मिरवणूक. सगळे नवरे चाकांच्या कॅसेटा ओढत रांगेत निघतात. कॅसेट ओतताना इंग्रज माणूस जितकं मोकळेपणाने बोलतो तितकं पबातही बोलत नसेल. आमचे हे इकडे वीस वर्षांत कुणाच्या घरी गेले नाहीत, तिथे मात्र कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या मुलीने घर घेतलं, सगळं विचारून यायचे.

न्यू फॉरेस्टमध्ये गेलो ते गोट्याला पळायला मिळेल म्हणून. कसचं काय! १ मार्च ते ३१ जुलै जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यावर असतात. वाट सोडायची नाही, कुत्रा जवळ ठेवायचा. तट्टं मात्र मोकाट. ती रानटी नसतात बरं का, प्रत्येकाला मालक असतो. तिथल्या घराजमिनींबरोबर चराईचा जुना हक्क येतो, त्या लोकांची ती जनावरं. तीच रस्त्यात मधोमध उभी राहतात आणि तुम्ही वाट बघायची. त्यांना खाऊ घालायला बंदी आहे, ती घरातून घेऊन खातात त्याला नाही. एकाने आमच्या तंबूत मान घालून ब्रेडचं अख्खं पाकीट नेलं, आणि हा आमचा शूर स्पॅनियल टेबलाखाली!

तिथे लिंडहर्स्टला त्या जंगलाचा कारभार बघणाऱ्यांचं जुनं सभागृह आहे, त्यात एक लोखंडी रिकीब ठेवलीय. विल्यम राजाने १०७९ च्या सुमाराला हे रान शिकारीसाठी राखलं. मग राजाच्या हरणांमागे लोकांचे कुत्रे धावू नयेत म्हणून मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायांची नखं छाटत. म्हणजे मुळापासून हो, आपण कापतो तशी नाही. रिकिबीतून जो कुत्रा आरपार जाईल तो बारका, त्याला माफी. लोक म्हणतात ती त्या विल्यमच्या मुलाची, रूफस राजाची; जाणकार म्हणतात, इतकी जुनी नाही, ट्यूडर काळातली. गोट्या त्यातून डोक्यापुरता गेला असता. पुढचं पोट माझ्या लाडाचं.

लाडावरून आठवलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी तिकडचे एक प्रेमळ आजोबा हातात हॉट क्रॉस बन घेऊन आले आणि अर्धा गोट्यापुढे धरला. मी थालीपीठ तव्यावर टाकून धावले. अहो, त्यात बेदाणे असतात! बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, थोडीसुद्धा. चॉकलेटची अंडीही तशीच, आणि आपला कांदा-लसूणही. म्हणजे माझं थालीपीठ नाही, सत्यनारायणाचा शिरा नाही, आणि त्यांचा बनही नाही. आजोबांना वाटलं मी बनावर धर्माच्या कारणाने तुटून पडले. बिचारे ‘सॉरी, सॉरी’ म्हणत मागे सरले. नीट समजावून सांगितलं तेव्हा गेले आणि गोट्यासाठी गाजर घेऊन आले. मला बन दिला. बरा होता.

पुढे कॉर्फला. किल्ला काय, १६४६ साली पार्लमेंटच्या सैन्याने सुरुंग लावून फोडला, तेव्हापासून भिंती वाकड्या उभ्या. तिथून स्वानेजपर्यंत वाफेच्या गाडीने गेलो. १९७२ साली बंद पडलेली लाइन हौशी लोकांनी पदरमोड करून परत घातली, आणि कुत्र्याला डब्यात बसू देतात. माळरानावर मात्र सांभाळा. एप्रिलच्या कोवळ्या उन्हात ॲडर शेकत पडलेले असतात, इंग्लंडातला एकमेव विषारी साप. पाठीवर नागमोडी काळी रेघ. ह्यांनी गोट्याला अस्सा मागे खेचला! शेजारच्या शेतात मेंढ्यांना नुकती पिल्लं झालेली. मेंढ्यांच्या मागे लागलेला कुत्रा आवरता येत नसेल तर शेतकऱ्याने गोळी घातली तरी कायदा त्याच्या बाजूने असू शकतो. हे कळल्यापासून साखळी मी मनगटाला दोन वेढे देऊन धरली.

पण वहिनी, मला विचाराल तर सगळ्यात छान लाइम रेजिस. तिथे मेरी ॲनिंग होऊन गेली, १७९९ चा जन्म, सुताराची पोर. समुद्राकाठच्या दरडींतून शंखशिंपल्यांचे जीवाश्म वेचून विकायची आणि त्यातून तिने असे असे प्राणी शोधून काढले की मोठमोठे विद्वान तिच्या दारात आले. नाव मात्र त्यांनी स्वतःचं लावलं. तिच्याबरोबर ट्रे नावाचा कुत्रा असायचा. काही सापडलं की ती त्याला तिथे बसवायची आणि माणसं आणायला जायची. हा जागचा हलायचा नाही. १८३३ साली तिच्या डोळ्यांदेखत दरड कोसळली आणि तो तिच्या पायाशीच गाडला गेला, ती थोडक्यात वाचली. २०२२ मध्ये तिचा पुतळा बसवला. एका शाळकरी मुलीने सुरू केलेली मोहीम ती. ब्राँझची मेरी हातोडा घेऊन तरातरा चाललीय आणि बाजूला ट्रे आहेच. विद्वान एकही नाही. मला ते फार आवडलं. जीवाश्म आम्हीही वेचले, चारमथच्या किनाऱ्यावर, भरती ओसरल्यावर, खाली सुटे पडलेले. कड्याच्या बुडाशी जायचं नाही, तो अजूनही ढासळतो. गोट्याला एक ॲमोनाइट सापडला. म्हणजे त्याने तोंडात घेतला आणि देईना. चीज दाखवल्यावर सोडला.

येताना ए-३०३ वर स्टोनहेंजपाशी गाड्या इतक्या तुंबल्या होत्या की गाडीतूनच मनसोक्त दर्शन झालं. आत कुत्र्यांना बंदीच, मदतनीस कुत्रे सोडून. त्यापेक्षा एव्हबरीला जा. दगडांचं वर्तुळ त्याच्याहून कितीतरी मोठं, मधे चक्क गाव वसलेलं, आणि साखळीला बांधलेला कुत्रा दगडांमधून हिंडवता येतो. फक्त प्रत्येक दगडाला त्याने काय केलं ते विचारू नका. चार-पाच हजार वर्षांचे दगड, त्यांनी बरंच सोसलंय.

तुम्ही मेअखेरच्या हाफ टर्मला निघायचं म्हणताय, पण ते सोडा. शाळांना सुट्टी, जागांचे दर चढे, आणि बऱ्याच किनाऱ्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर कुत्र्यांना बंदी. तीही गावागणिक वेगळी, म्हणून पाटी वाचल्याशिवाय साखळी सोडायची नाही. निघायचं तर ईस्टर टाळून एप्रिलमध्ये निघा, मधल्या वारांना, शेतावरच्या पाचांतली एक जागा धरून. तुमच्याकडे कुत्रा नाही हे मला माहीत आहे. कॅराव्हॅन खुशाल मागा. गोट्यासकटच मिळेल.