लाखबंद नासपती

फळांच्या दुकानात सौंदर्यस्पर्धा भरली, तर फ्रान्सची पास-क्रासान ही नासपती पहिल्याच फेरीत बाद होईल. नासपतीची म्हणून जी निमुळती मान असते, ती हिला जवळजवळ नाहीच. अंगाने गोल, बुटकी, चांगली वजनदार. साल खरबरीत, हिरवट-पिवळी, वर तपकिरी ठिपके. लांबून बघणारा सफरचंदच समजेल. पण देठाचं टोक मात्र लाल लाखेत बुडवलेलं, सरकारी लखोट्यासारखं!

रूआँ शहरात लुई ब्वाबुनेल नावाच्या रोपवाटिकावाल्याने १८४५ साली तिचं बी पेरलं. पहिलं फळ आलं १८५५ मध्ये. नासपतीच्या बीला आईसारखंच फळ धरायचं बंधन नसतं, त्यामुळे काय लागणार हे न कळताच त्याने दहा वर्षं पाणी घातलं. फळानेही मालकाचा स्वभाव उचलला. ऑक्टोबरात झाडावरून उतरवलेली नासपती टणक असते. ती थंड जागी पडून राहते आणि भर हिवाळ्यात, कधी मार्चपर्यंतही, सावकाश मऊ होते. एवढ्या मुक्कामात देठातून पाणी उडून जातं, म्हणून ती लाख. रुबाब वगैरे काही नाही, गळती थांबवायची सोय.

आत पांढरा, किंचित रवाळ, रसाळ गर, आणि गोडीला आंबटपणाची धार. या धारेसाठी मी तिचं बेढबपण केव्हाही माफ करीन. नुसती गोड नासपती दुसऱ्या फोडीलाच कंटाळा आणते.

तिला नडली ती वेगळीच खोड. वसंतात फुलून झाल्यावर ती उन्हाळ्यात पुन्हा थोडी फुलते. आपल्याकडे डाळिंबवाले बागेला ताण देऊन हवा तो बहर धरतात. हिने न मागता जादा बहर दिला आणि गुन्हेगार ठरली. कारण उबदार हवेत उमललेल्या फुलांतून एक जिवाणू झाडात शिरतो, फांद्या जळल्यासारख्या काळ्या पडतात आणि मधमाश्या तोच रोग शेजारच्या बागेत पोचवतात. म्हणून १९९४ मध्ये फ्रान्सने तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. उशिरा फुलणाऱ्यांवर एवढा राग मी दुसऱ्या कुठल्या सरकारचा पाहिलेला नाही. आता फ्रेंचांना आपल्याच रूआँची ही नासपती बहुतेक इटलीहून मागवावी लागते, आणि इटालियन बागायतदारांनी या बंदीविरुद्ध मोर्चा काढल्याचं काही ऐकिवात नाही.