अप्पांना हिस्टरी नाही

बेंगळुरात मराठी माणसाने केलेला सगळ्यात मोठा मालमत्तेचा व्यवहार घर घेण्याचा नव्हे, विकण्याचा आहे. १६३८ साली हे गाव शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. पुढे त्यांचे चिरंजीव एकोजीराजे तंजावरात रमले, बेंगळूर सांभाळणं त्यांना परवडेना आणि त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी सौदा काढला. किल्ला, पेठ, तळी सगळं धरून ३ लाख रुपये. बोलणी चालू होती तेवढ्यात १६८७ च्या जुलैत मोगलांचा कासीमखान मधेच येऊन ताबा घेऊन बसला, आणि शेवटी त्याच्याच हातून गाव म्हैसूरकरांकडे गेलं. आकडा म्हणे ३ लाखांचाच राहिला. बोलणी एकाशी आणि ताबा तिसऱ्याचा, ही इथल्या जमिनीची रीत तेव्हापासूनची आहे.

हे सगळं मला आमच्या अप्पांनी ऐकवलं, तेही एका बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, मोठ्याने. बिल्डरचा माणूस तेव्हा कव्हर्ड पार्किंगचे ४ लाख वेगळे पडतील असं सांगत होता.

अप्पा बेळगावच्या मराठी हायस्कुलात इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यापासून ते आमच्याकडे जे. पी. नगरच्या सहाव्या फेजमध्ये असतात. घर भाड्याचं. रोज सकाळी सारक्की तळ्याला फेरी मारून येतात आणि परगावच्या पेन्शनरांशी कन्नडमध्ये गप्पा मारतात. त्यांचं कन्नड उत्तम आहे, पण बेळगावच्या मराठी माणसाने ते घरात कबूल करायचं नसतं. जे. पी. म्हणजे जयप्रकाश नारायण, ज्यांनी १९५४ साली बोधगयेला विनोबांच्या भूदानासाठी आपलं अख्खं जीवन देऊन टाकलं. त्यांच्या नावाच्या नगरात आता जमीन चौरस फुटाने मोजतात आणि दान सोडाच, ब्रोकर दर सांगतानाही आधी इकडेतिकडे बघतो. त्यात चौथ्या फेजपासून केंपापुऱ्यापर्यंतच्या मेट्रोला २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मंजुरी दिली. गाडी धावेल तेव्हा धावेल, तिकीट मात्र ब्रोकरांनी तेव्हापासूनच फाडायला घेतलं.

आम्हाला आवडलेला फ्लॅट आठव्या फेजमधला. किंमत एक कोटीच्या वर. कर्ज ७५ लाखांच्या पुढे गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देते, उरलेली चौथाई आपण उभी करायची. मराठ्यांनी एके काळी मुलखामुलखातून वसूल केलेली चौथाई अशी एकेका मराठ्याकडून परत चालली आहे, असं अप्पांचं म्हणणं. ती आम्ही कशीबशी जमवली. आता बँकेत जायचं आणि सह्या करायच्या, असं वाटत होतं.

बँकेतला अधिकारी सज्जन होता. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे. डॉक्टर एक्स-रे बघून असंच करतात. "स्कोर स्वल्प कम्मी इदे, सार," तो म्हणाला. थोडा कमी आहे.

६४१.

"कितीपैकी?" अप्पांनी विचारलं. नऊशेपैकी, असं कळल्यावर त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. "एकाहत्तर टक्के! फर्स्ट क्लास आहे की." अधिकाऱ्याने नम्रपणे सांगितलं की व्याजाचा चांगला दर हवा तर साधारण ७५० लागतात. "म्हणजे त्र्याऐंशी टक्के," अप्पा म्हणाले. "बोर्डात डिस्टिंक्शन पंचाहत्तरला मिळायचं."

आता ६४१ कुठून आले? मी क्रेडिट कार्डाचं बिल मुदतीआधी भरणारा माणूस आहे. रिपोर्ट काढला. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या देशभराच्या पतीची नोंद ठेवतात, आणि २०१७ पासून प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. फुकट मिळतो म्हणून कुणी काढत नाही, ही गोष्ट वेगळी. माझा रिपोर्ट वाचताना मी थोडा हळवाच झालो. मी ज्या ज्या खोलीत भाड्याने राहिलो ते सगळे पत्ते त्यात होते, बंद पडलेले फोन नंबर होते, माझ्या आडनावाची बँकांनी केलेली निरनिराळी स्पेलिंगं होती. आणि प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन, एकूण ३६, प्रत्येकात हप्ता किती दिवस उशिरा आला त्याचा आकडा. ०००, ०००, ०००. शून्यांची अशी सुंदर रांगोळी मी कुठे पाहिली नव्हती. शेवटच्या पानावर मात्र एक खातं असं होतं: ०३०, ०६१, ०९१, १२२. आणि खाली शिक्का, 'सेटल्ड'. कर्ज दुचाकीचं. माझं नातं कर्जाशी जामीनदाराचं.

मी काही बोललो नाही. ही म्हणाली, "माझ्या भावाला लगेच मधे आणू नकोस."

मेहुणा कोल्हापूरचा. त्याला बुलेट घ्यायची होती. "दाजी, तुमची फकस्त सही लागत्या. बाकी आपण हाय की." बहिणीच्या नवऱ्याने सही नाकारल्याची उदाहरणं कोल्हापूरच्या इतिहासात असतीलही, पण अप्पांनाही एकही आठवलं नाही. पुढे तालमीचा गणपती आला, पंचगंगेला पूर आला, काही हप्ते त्यात वाहून गेले. फायनान्स कंपनीचा माणूस दारात यायला लागल्यावर मेहुण्याने त्याला तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घातला आणि अठ्ठावीस हजारांची बाकी सोळा हजारांत मिटवली. या विजयाचे पेढे आमच्याकडे आले होते, मला चवसुद्धा आठवते. आपल्याकडे दोन माणसांनी समजुतीने व्यवहार मिटवला की चहा होतो. इथे रिपोर्टात त्याचा अर्थ असा की या माणसाने बारा हजार बुडवले, आणि ज्या दाजींनी हमी दिली त्यांनी बघत राहून पेढे खाल्ले.

हे ऐकून अप्पांच्या अंगात वर्ग संचारला. कर्जाचा डाग धुण्याचे महाराष्ट्रात दोन मार्ग होऊन गेलेत, ते म्हणाले. एक पाण्याचा. तुकोबांनी घरातली खतं भावाबरोबर निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. दुसरा विस्तवाचा. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यात सुपे, बाजाराचा दिवस. कापसाचे भाव पडलेले, सारा वाढलेला. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, कर्जरोखे बाहेर ओढले आणि जाळले. माणसांपेक्षा त्यांचा राग कागदावर होता. दंगा गावोगाव पसरला, चौकशी कमिशन बसलं आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला.

"आता यातलं तुला काय जमेल?" अप्पांनी विचारलं.

सर्व्हर ना बुडवता येत, ना जाळता येत. शिवाय इंद्रायणीचासुद्धा उपयोग झाला नसता. तुकोबांच्या त्या कुळांचे रिपोर्ट आज काढले तर प्रत्येकाच्या नावापुढे 'रिटन ऑफ' निघेल आणि देहूत कुणालाही दहा वर्षं मिक्सर हप्त्यावर मिळणार नाही.

राहिला तिसरा मार्ग, पैसे भरण्याचा. त्याआधी हिने चौथा करून पाहिला. एक बँक नाही म्हणाली तर दुसरी म्हणेल, म्हणून तिने घरबसल्या दिसेल त्या बँकेत अर्ज टाकले. दर अर्जामागे ती बँक रिपोर्ट मागवते आणि तशी नोंद होते. थोड्या दिवसांत पाच-सहा नोंदी दिसल्या की पुढचा विचारतो, या माणसाला इतकी घाई का? स्थळं बघतानाही तेच असतं, नकार जास्त झाले की अकरावा मुलगा पत्रिका न बघताच नको म्हणतो. स्कोर ६२९ झाला. हिचा स्वतःचा ८०४ आहे. फ्रिज, फोन, गादी, आणि गादीबरोबर आलेल्या उशासुद्धा ती हप्त्यावर घेते.

"घरात कमावती तिसरी व्यक्ती आहे का? सह-अर्जदार?" अधिकाऱ्याने विचारलं. अप्पांचं पेन्शन होतं. अप्पांनी अभिमानाने पॅन कार्ड पुढे केलं. आयुष्यात एका पैचं कर्ज नाही. सायकलसुद्धा रोखीने घेतली, घर बांधलं ते पाया एका वर्षी, भिंती दुसऱ्या आणि छप्पर तिसऱ्या. अधिकाऱ्याने कळ दाबली. स्कोरच्या जागी आलं: उणे एक.

"हिस्टरी इल्ला, सार."

तीसहून जास्त वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला हिस्टरी नाही! अप्पा काही क्षण स्तब्ध झाले. मग त्यांनी गुणदानपद्धतीची चौकशी केली. कमीत कमी किती मिळतात? तीनशे. म्हणजे सगळी कर्जं बुडवून बसलेल्याला तीनशे? हो, सर. आणि ज्याने घेतलंच नाही, त्याला उणे एक? "कोरा पेपर दिला तरी मी शून्याखाली कधी गेलो नाही हो," अप्पा म्हणाले. अधिकारी खजील झाला. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ हिस्टरी नाही म्हणून नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेने बजावलंय, हेही त्याने सांगितलं. पण सिस्टिम ओप्पल्ला. सिस्टिम ऐकत नाही.

त्या संध्याकाळी मन रमवायला आम्ही दुसऱ्या फेजमध्ये रंगशंकराला नाटकाला गेलो. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नागांनी २००४ साली उभं केलेलं हे थिएटर. तिथल्या कॅफेत साबुदाणा वडा मिळतो, त्यामुळे इथल्या मराठी माणसाची नाट्याभिरुची जरा जास्तच तीव्र आहे. नाटक ठरल्या मिनिटाला सुरू होतं आणि दार बंद म्हणजे बंद, मग तुम्ही कुणीही असा. ट्रॅफिकने आम्हाला अडवलं आणि आम्ही बाहेर राहिलो. पण मला त्या दाराबद्दल आदरच वाटला. उशीर झाला, आजचं नाटक गेलं, उद्या तिकीट काढा आणि या. ३६ महिन्यांपूर्वी कधी उशीर केला होता हे ते कुणालाही दाखवत नाहीत. आम्ही वडे खाऊन घरी आलो.

पैसे भरण्याचं काम मात्र वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. फायनान्स कंपनी आमच्याकडून उरलेले बारा हजार घ्यायला तयारच होईना. तिच्या लेखी खातं मिटलं होतं. वसुलीसाठी रात्री नऊला फोन करणाऱ्यांपैकी एकही माणूस आता सापडत नव्हता. शेवटी मेहुणा स्वतः शाखेत गेला, पैसे मोजून दिले आणि काउंटरवरच ठाण मांडून पावती आणि 'नो ड्यूज'चं पत्र घेऊनच उठला. पैसे त्याने त्याच्या खिशातले भरले, हे ही मला अजून ऐकवते.

पत्र जोडून मी रिपोर्टावर ऑनलाइन हरकत घेतली. इथे मात्र रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या हातात एक छडी दिली आहे. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हे २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. ते कळल्यावर घरातलं वातावरणच पालटलं. आधी सगळे म्हणत होते, लवकर होऊ दे. आता ही म्हणायला लागली, "मुदतीवर तीन महिने लागले तर बरं. नऊ हजार होतात की." अप्पांनी कॅलेंडरवर खुणा केल्या. आणि जी कंपनी महिनोन्महिने फोन उचलत नव्हती, तिने मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून टाकलं. इतकं वक्तशीर काम आपल्या देशात क्वचितच होतं आणि ते आमच्याच नशिबी यावं!

मधले काही महिने नुसते शांत बसण्याचे. नवा अर्ज नाही, कार्डाची मर्यादा असेल त्याच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च, बिल वेळेवर. जुने काळे चौकोन एकेक करून मागे सरकतात. सांगण्यासारखं त्यात काही घडत नाही.

घडलं ते अप्पांकडे. उणे एक त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी बँकेत फिक्स्ड डिपॉझिट ठेवून त्याच्यावर क्रेडिट कार्ड काढलं आणि परीक्षेला बसतात तसे बसले. महिन्याच्या एक तारखेला नंजनगूडची केळी, पंधरा तारखेला एक दिवाळी अंक, सीझन नसला तरी मागच्या वर्षीचा. बिल बनायच्या आधीच हे बँकेत हजर. काउंटरवरची मुलगी म्हणायची, अजून बिल आलं नाही, अंकल. अप्पा तिथेच बसून राहायचे. सहा-सात महिन्यांनी त्यांचा पहिला स्कोर आला, ७६८. त्यांनी तो फळ्यावर लिहावा तसा फ्रिजवर लिहिला. त्याच आठवड्यात माझा ७५२ झाला, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आम्ही फाइल घेऊन बँकेत गेलो. अधिकाऱ्याने स्कोर पाहून हात मिळवला, मग फ्लॅटचे कागद उघडले आणि पुन्हा तोच एक्स-रेचा चेहरा. "खाता बी इदे, सार." बेंगळुरात घरांनाही खाता असतो. ए खाता असलेलं घर कुळवंत, बी खात्याचं घर म्हणजे कर भरतं पण कागदांत कुठेतरी खोट आहे. त्याच्यावर त्यांची बँक कर्ज देत नाही. वर्षभर मी माझा स्कोर धुऊन काढला, आणि घराचाच खराब निघाला. ब्रोकरला फोन केला तर म्हणाला, "ए माडिसोण, सार. स्वल्प टाइम." ए करून घेऊ, थोडा वेळ द्या.

तर आम्ही आता दुसरा फ्लॅट बघतोय. अप्पांना मात्र वेळ नसतो. परवा दुपारी त्यांचा फोन वाजला. पर्सनल लोन, ५ लाख, आधीच मंजूर, फक्त हो म्हणा. बोलणारी मुलगी सुरुवातीला हिंदीत होती, मग मराठीत आली.

"गाव कुठलं तुझं, बाळ?" अप्पांनी विचारलं.

"बारामतीजवळ, सर."

"म्हणजे सुपं जवळच की! १८७५ साली तिथे काय झालं, माहितीय?"

पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे की, परीक्षेच्या आधी परत ऐकता येईल," अप्पा खुर्ची ओढत म्हणाले. "हं, तर १२ मे, बाजाराचा दिवस..."