रेघवाला

रेघवाला म्हणजे डेटाबेसचा आराखडा काढणारा, टेबलांची सोयरीक जुळवणारा इसम. पीटर चेन यांनी 1976 साली वस्तू आणि त्यांची नाती चित्रात मांडायची रीत सांगितली, तेव्हापासून ही जमात जगभर आहे. केज तालुक्यातल्या नांदूरघाटकडचा रेघवाला बहुधा पुण्यात कोर्स करून परततो. त्याला पहिलं गिऱ्हाईक भेटतं ते मुकादम. काम एवढंच, की ऊसतोडीच्या टोळीचा हिशोब वहीतून लॅपटॉपवर आणायचा.

पहिल्याच दिवशी कोयता आडवा येतो. बीड जिल्ह्यात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. रेघवाला कोयता आणि माणूस यांच्यात ‘एकास एक’ नातं ओढून मोकळा होतो, कारण ते दिसायला सुटसुटीत. मुकादम विचारतो, “आन् बायकू कुठं ऱ्हायली?” मग नातं ‘एकास अनेक’ होतं आणि रेघेच्या टोकाला तीन बोटांचा कावळ्याचा पाय फुटतो. ही खूण जगन्मान्य आहे, हे मुकादमाला पटवण्यात दुपार जाते.

खरी पंचाईत पुढे. मुकादम एक, त्याचे कोयते अनेक, असं गृहीत धरून रेघवाला चहा मागवतो. पण यंदा एका मुकादमाकडे असलेला कोयता पुढच्या हंगामात दुसऱ्याकडे जातो; म्हणजे नातं ‘अनेकास अनेक’. ते दोन टेबलांत मावत नाही. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये असं नातं जोडलं की मधलं तिसरं टेबल आपोआप उभं राहतं. रेघवाल्याला ते आगंतुक वाटतं, म्हणून तो ते पुसतो.

मग उचल, म्हणजे कोयत्याला आगाऊ दिलेली रक्कम, कुठे लिहायची? कोयत्याच्या ओळीत लिहिली तर नवा आकडा येताच गेल्या हंगामाची उचल पुसली जाते. मुकादमाच्या ओळीत लिहिली तर कुणाची किती, ते कळत नाही. उचल दोघांपैकी कुणा एकाची नसतेच, ती त्या हंगामाच्या कराराची असते. पुसलेलं टेबल निमूटपणे परत येतं: मुकादम, कोयता, हंगाम, उचल. मुकादमाच्या वहीत हे चार रकाने आधीपासून असतात आणि दर हंगामाला नवं पान असतं. ती वही उघडून बघायचं मात्र रेघवाल्याला सुचलेलं नसतं.

शेवटी खोडण्याचा नियम. कोयत्याची ओळ खोडली की तिचे सगळे करारही आपोआप खोडले जातील, अशी सोय तो अभिमानाने दाखवतो. मुकादमाचा चेहरा उतरतो. “म्हंजी बाकीबी गेली?” बाकी असेपर्यंत नाव खोडता येऊ नये, असा उलटा नियम तिथल्या तिथे लागतो.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात. आराखडा तोवर झालेला नसतो. मुकादम वही घेऊन जातो.