अर्ध्या बैठकीचे काका

प्रत्येक जिममध्ये एक काका असतात. ते फीमध्येच येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. गळ्यात टॉवेल, कमरेला रुंद चामडी पट्टा. पट्टा खरं तर जड वजनाखाली जाताना आवळायचा. काका तो घरूनच बांधून येतात आणि ट्रेडमिलवरही सोडत नाहीत.

काकांचा स्क्वॉट मात्र बघण्यासारखा. बारच्या दोन्ही टोकांना वीस-वीसच्या दोन-दोन प्लेटा, म्हणजे बार धरून 100 किलो. हात झटकणं, आरशात बघणं, 'जय बजरंग' हे सगळं यथासांग होतं. मग काका बारखाली शिरतात आणि पाहुणा आल्यावर आपण खुर्चीतून जेवढे अर्धवट उठतो, बरोबर तेवढेच खाली जातात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खुबा गुडघ्याच्या माथ्याखाली गेल्याशिवाय पंच बैठक धरत नाहीत. काकांची एकही धरली गेली नसती. पण इथे पंच काकाच.

"गुडघा अंगठ्यापुढे गेला की वाटी गेलीच म्हणून समजा," हा त्यांचा मूलमंत्र. लांब मांड्यांच्या माणसाचा गुडघा पुढे जाणारच. तो मुद्दाम मागे धरून ठेवला तर धड पुढे झुकतं आणि भार कंबरेवर येतो. बघायचं ते एवढंच, की टाचा उचलल्या जात नाहीत ना आणि गुडघे पावलांच्या दिशेनेच वळताहेत ना, आत कोसळत नाहीत ना. गंमत म्हणजे दुसऱ्याच श्वासात काका सांगतात, "आम्ही तालमीत पाचशे बैठका मारायचो." तालमीतल्या बैठकीत टाचा उचललेल्या असतात आणि गुडघे पार अंगठ्याच्या पुढे. वाट्या तेव्हा कुठे ठेवून यायचे, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.

मुली रॅककडे वळल्या की काकांच्या अंगात येतं. "अगं बाळा, हे कशाला? तू ती गुलाबी डंबेल्स घे. टोनिंग होईल. जड उचललंस तर खांदे होतील पुरुषांसारखे." बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं, तसे खांदे करायचे म्हटले तरी वर्षानुवर्षं जड वजन आणि त्याहून जड खाणं लागतं. काका स्वतः इतकी वर्षं त्याच खांद्यांच्या मागे आहेत. जे त्यांना जंग जंग पछाडून जमलं नाही, ते एखाद्या पोरीला चुकून, दिवाळीपर्यंत होऊन बसेल, ही त्यांची धास्ती. आणि टोनिंग म्हणजे तरी काय? स्नायू थोडा वाढतो, वरची चरबी थोडी घटते. त्यासाठी स्नायूला काहीतरी जड लागतंच.

एवढ्यावर भागलं नाही, तर काका आवाज खाली आणतात. "पुढे मुलंबाळं व्हायची असतात..." 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरीने एकूण 240 किलो उचलून कांस्यपदक आणलं आणि पुढच्याच वर्षी ती आई झाली, असं मी एकदा म्हणून पाहिलं. काका म्हणाले, "ती हरकत नाही, सरकारी कोचिंग होतं."

मध्यंतरी साठीच्या एक बाई येऊ लागल्या. हाडं ठिसूळ होताहेत, वजनं उचला, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. पंजाबी ड्रेस, केसांना तेल, बोलणं अगदी तळकोकणातलं. ट्रेनरने छातीशी धरायला 10 किलोचं डंबेल दिलं. काका टॉवेल सावरत हजर.

"ताई, अर्ध्यातच थांबा हं. आपल्या वयाला पूर्ण बसणं..."

बाईंनी पोटात श्वास भरला आणि सरळ खाली गेल्या. टाचा जमिनीला, पाठ ताठ, खुबा पार गुडघ्यांखाली. आयुष्यभर उकिडवं बसून मासे चिरलेले. त्यांना यात नवं असं डंबेल तेवढं होतं. वर यायची घाईही दिसेना. तिथूनच मान वर करून म्हणाल्या, "काय म्हणत होतात भाऊ?"

काकांनी दोन पावलं मागे घेतली. बाईंचे आठ रिप्स संपेपर्यंत डोळे बारीक करून त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग माझ्या कानाशी आले.

"कोकणातल्या आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या वाट्याच वेगळ्या असतात."