‘आय अ‍ॅग्री’च्या अलीकडचे काका

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतातच, की ते घरी येणार म्हटल्यावर कॉम्प्युटरवर टॉवेल टाकावा लागतो. चोरीची भीती नसते, ती उघडकीला येण्याची असते. आमच्याकडे त्यांना लायसन्सकाका म्हणतात.

काकांची सगळी नोकरी नोंदणी आणि मुद्रांक खात्यात झाली. उभा जन्म लोकांचे दस्त वाचण्यात गेला. निवृत्तीनंतर वाचायला दस्त मिळेनात, तेव्हा मुलानं विरंगुळा म्हणून कॉम्प्युटर घेऊन दिला. तो एक्सपीचा जमाना. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेलं मशिन, आणि ‘विंडोज फ्री टाकून देतो’ म्हणणारा दुकानाचा पोरगा. काकांनी फ्रीला नकार दिला आणि पैसे मोजून खोका आणायला लावला. इथपर्यंत ठीक होतं. सेटअप सुरू झाला, निळ्या पडद्यावर करार आला आणि खाली ओळ आली : मान्य असेल तर एफ-एट, नसेल तर एस्केप. त्या पडद्यावर उभ्या महाराष्ट्रात कोणी दोन सेकंदांहून जास्त थांबलं असेल असं मला वाटत नाही. पोराचं बोट एफ-एटवर पोचलंच होतं. काकांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. वाचू दे.”

पोरगा पेज डाउन दाबत राहिला. काकांनी वाचायचा चष्मा लावला, वही घेतली, शंका लिहून काढल्या. पोराला दोनदा चहा झाला, मग पोहे झाले. शेवटी तो म्हणाला, “काका, हे कोणीच वाचत नाही.” काका म्हणाले, “खरेदीखतही कोणी वाचत नाही. म्हणून तर कोर्टं भरलेली असतात.”

त्या दिवसापासून सोसायटीत ‘मी विंडोज विकत घेतली’ असं म्हणायची सोय उरली नाही. काका लगेच दुरुस्त करतात. “विकत नाही घेतलीत. त्यांनी स्पष्ट लिहिलंय, विक्री नाही, फक्त वापराचा परवाना. तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवर राहताय असं समजा. राहा, स्वयंपाक करा, पण भिंत पाडायची नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही.” मशिनबरोबर आलेली ती ओईएम प्रत. ती त्या मशिनची. मशिन भंगारात गेलं की तीही गेली. वेगळा खोका घेतला तर ती रिटेल. ती जुन्या मशिनवरून काढून नव्यावर नेता येते, मात्र एका वेळी एकाच ठिकाणी. हे सगळं काका लिफ्टमध्ये सांगतात. आमची लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते आणि संथ आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मदरबोर्ड गेला तेव्हा शेजारीपाजारी हळहळले. काका मात्र चौकशीला आले.

“जळाला, की बदलला?”

“त्यानं काय फरक पडतो हो?”

“सगळाच पडतो. सदोष निघाला म्हणून उत्पादकानं बदलून दिला, तर परवाना जिवंत. कॉम्प्युटर जरा पळायला हवा म्हणून तुम्ही हौसेनं नवा बोर्ड घातलात, तर कायद्याच्या दृष्टीनं तो नवा कॉम्प्युटर. ओईएम संपली.”

काकू म्हणाल्या, “नातवानं त्यावर कोकम सरबत सांडलं.” काका विचारात पडले. सरबत हा दोष की हौस, हे कुठल्याही कलमात बसेना. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं त्यांच्याच सूनबाईंनी सांगितलं.

या सूनबाईंचे हाल वेगळे. कॅबिनेटवर पंचवीस अक्षरांच्या किल्लीचा जो स्टिकर असायचा, तो कामवाल्या मावशींच्या ओल्या फडक्यानं पुसट होऊ लागला. काकांनी त्याच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, झेरॉक्स काढून ‘मूळ प्रतीवरून तपासली’ असं लिहून सही केली, आणि ती प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. तिथं आधीपासून सूनबाईंचे तोडे होते. पुढे विंडोज आठच्या काळापासून तयार मशिनच्या पोटातच, फर्मवेअरमध्ये, किल्ली येऊ लागली आणि स्टिकरवरची अक्षरं गेली. हा बदल काकांना अजून पटलेला नाही. दिसत नाही त्या गोष्टीवर सही कुठे करणार?

एकदा त्यांना जुनी नाट्यगीतं ऐकण्यासाठी आयट्यून्स घालून दिलं. त्याच्या करारात, हे सॉफ्टवेअर अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं, रासायनिक किंवा जैविक शस्त्रं बनवायला वापरणार नाही, अशी हमी द्यावी लागते. कलम खरंच आहे. काकांनी जेवताना सगळ्यांना विचारलं, “आपल्याकडे कोणाचा तसा काही विचार नाही ना?” नातीनं वरण वाढून घेतलं. सूनबाई नुसत्याच त्यांच्याकडे बघत राहिल्या.

खरं सांगायचं तर काका चुकीचं काही बोलत नाहीत, आणि त्यांचा राग येतो तो याचसाठी. चुकणाऱ्या म्हाताऱ्याला माणूस सहज माफ करतो. विंडोज दहा आली तेव्हा सात आणि आठ पूर्णांक एकवाल्यांना वर्षभर फुकट बढती होती, २९ जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६. तोवर सातवर आलेल्या काकांनी ती पहिल्याच आठवड्यात घेतली. आमच्या इमारतीतले लोक मुदत उलटून गेल्यावरही वर्षानुवर्षं सातच्या किल्ल्या दहाला लावत राहिले आणि त्या लागतही राहिल्या. कंपनीनं ते दार २०२३ साली बंद केलं. एवढी वर्षं काका म्हणत होते, “दार उघडं राहिलं म्हणून आत शिरायचं नसतं.” आम्ही आत बसून ऐकत होतो.

मग ती वार्षिक सर्वसाधारण सभा आली.

खजिनदारांनी ताळेबंद प्रोजेक्टरवर दाखवायची टूम काढली होती. सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर गच्चीवर आणला. भिंतीवर आकडे उमटले. सिंकिंग फंडावर रीतसर भांडण झालं. ‘अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय’ सुरू होताच काका उभे राहिले.

“भिंतीवर खाली उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय, ते सचिवांनी वाचून दाखवावं.”

तिथं फिकट अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ असं होतं. खजिनदार म्हणाले, ते गेल्या वर्षीपासून आहे, मला वाटलं एक्सेलमध्येच येतं. सचिव म्हणाले, एका साइटवर काही शे रुपयांत किल्ली मिळते, आजच आणतो. काका म्हणाले, तसल्या किल्ल्या बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी घाऊक परवान्यातून निसटलेल्या असतात. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. “कॉपीराइट कायदा, १९५७. कलम ६३ ब. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड.”

गच्चीवर शांतता पसरली. पाचव्या मजल्यावरचे वकील पुढे आले. “त्यात ‘जाणूनबुजून’ शब्द आहे. आम्हाला कुठं माहीत होतं?”

“आत्तापर्यंत नव्हतं,” काका म्हणाले. “आता इतिवृत्तात नोंदवलं गेलं की सगळ्यांना माहीत झालं. हजेरीपत्रकावर सह्या आहेतच.”

लोकांची नजर हजेरीपत्रकाकडे गेली. दोघांनी आपल्या सहीवर काट मारता येईल का, अशी हळूच विचारणा केली. सचिवांनी इतिवृत्त लिहायचं पेन टोपणासकट खिशात टाकलं. वकील म्हणाले, वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, दंडही पन्नास हजारांच्या आत ठेवू शकतं, आणि सोसायटी काही नफ्यासाठी नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात काकांनी गच्चीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं मोबाइलचा टॉवर होता.

“त्याचं भाडं येतं, त्याचं काय?”

ठराव एकमतानं मंजूर झाला. सोसायटीच्या इतिहासात पाण्याच्या टाकीनंतर प्रथमच. अस्सल परवाना घेतला गेला आणि पावती काकांच्या ताब्यात आली. सूनबाई म्हणतात, आता लॉकर मोठा घ्यावा लागणार.

खुद्द काकांवर पाळी आली ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज दहाचा पाठिंबा संपला. अकराला टीपीएम दोन पूर्णांक शून्य ही सुरक्षा-चिप लागते, आणि काकांच्या मशिनमध्ये ती नाही. नात इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, “आजोबा, रजिस्ट्रीत एक बदल केला की तपासणी टाळता येते.” काकांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं विषयच सोडला आणि लिनक्स घालून दिली. ‘बॉस’ निवडली, कारण ती सी-डॅकची आणि सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात. काकांचं माहेर, म्हणजे त्यांच्या आईचं, सदाशिव पेठेतलं आहे.

काका चष्मा पुसून, वही घेऊन तयार बसले होते. भाषा विचारली, वेळ विचारली, पासवर्ड विचारला, आणि मशिन सुरू झालं. करार आलाच नाही.

“कुठाय?”

नातीनं लिनक्सचा परवाना, जीपीएल, शोधून छापून दिला. काकांनी तो तीन दिवस वाचला. त्यात असं होतं, की प्रोग्रॅम नुसता चालवण्यावर काही बंधन नाही, आणि तुम्ही सही केलेली नाही म्हणून हा परवाना स्वीकारण्याची सक्तीही नाही. अट लागते ती बदल करून किंवा तसाच दुसऱ्याला वाटायचा असेल तर. काकांना एवढं अस्वस्थ आम्ही कधी पाहिलं नव्हतं. जिन्यात भेटले तरी लिफ्टबद्दल बोलायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी त्या छापील प्रतीच्या प्रत्येक पानावर सही केली, तारीख घातली, आणि साक्षीदार म्हणून नातीला बोलावलं.

“अहो आजोबा, त्यांनीच लिहिलंय ना, मान्य करायची गरज नाही म्हणून?”

“हो,” काका म्हणाले. “ते मला मान्य आहे. इथे सही कर.”